तळ्यातली मासळी ठाण्यात विकायची आहे? पहिल्या रविवारच्या आधी हे वाचा

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, पण तळ्यातला मासा इथे सहजासहजी कुणी घेत नाही. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत पहिल्यांदा टेबल मांडलं, तेव्हा पहिल्याच काकूंनी विचारलं, "मासुंदा तलावातली नाही ना गं?" त्यांच्या डोळ्यांसमोर विसर्जन, निर्माल्य आणि काठावरची भेळपुरी. माझ्या पेटीत होती पेणच्या खारेपाटातली (खाडीलगतच्या पट्ट्यातली), नवऱ्याच्या मामांच्या तळ्यातली चिलापी, म्हणजे तिलापिया. १५ किलो नेली होती, ४ किलो खपली. उरलेली नातेवाइकांत वाटली, तर दोन घरांतून निरोप आला, "मातीचा वास येत होता."

तेव्हापासून बऱ्याच चुका करून झाल्या. आता शेततळं किंवा बायोफ्लॉकची टाकी (कमी पाण्यात, जिवाणूंच्या मदतीने मासे वाढवायची) टाकून बसलेली मुलं फोन करतात: मासा तयार आहे, घेणारा नाही. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

१. ‘नको’ म्हणजे नेमकं काय नको, ते आधी ऐका

पहिला महिनाभर एक वही ठेवा. नाही म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, कारण विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. माझ्या वहीत पाच गोष्टी फिरून फिरून आल्या: वास येतो, काटे फार, काय खायला घालतात कुणास ठाऊक, इंजेक्शनं देतात, आणि ‘आमच्यात तळ्याचा मासा खात नाहीत’. या पाचांवर एकच उपाय नाही. वासाचा बंदोबस्त तळ्यावर होतो. काट्यांचा प्रश्न माशाची जात निवडताना सुटतो. खाद्याचं आणि औषधाचं उत्तर कागदावर द्यावं लागतं. पाचवीला उत्तर नसतं, तिथे घास भरवावा लागतो.

एक सापळा इथेच सांगते. ‘तळ्याचा नको’ म्हणणारी माणसं हॉटेलात बासा फिले आवडीने खातात. बासा म्हणजे पंगस, गोड्या पाण्यात वाढवलेला. नॉर्वेचा सामन जवळजवळ सगळा समुद्रातल्या पिंजऱ्यांत पोसलेला असतो. बाजारातली पांढरी, एकसारख्या आकाराची कोळंबी बहुतेक वेळा तलावातली व्हनामी असते. ही जात भारतात शेतीसाठी आली २००९ मध्ये. हे सगळं खरं आहे, पण गिऱ्हाइकाच्या तोंडावर कधी बोलू नका. मी एका गृहस्थांना बोलले. बायको शेजारी उभी होती. ते कुटुंब परत आलं नाही.

२. गिऱ्हाईक बघून मासा निवडा

पापलेट-सुरमईवर वाढलेला माणूस सगळ्यात शेवटी वळतो. सुरुवात त्याच्यापासून केलीत तर दोन महिन्यांत दुकान बंद.

आधी घाटावरची माणसं शोधा. इंदापूर, करमाळा, भिगवण या बाजूच्या लोकांना उजनी धरणाची चिलापी लहानपणापासून माहीत असते. ठाणे-नवी मुंबईत ती भरपूर आहेत, फक्त ताजी चिलापी त्यांना इथे सहज मिळत नाही. माझं पहिलं कायमचं गिऱ्हाईक वर्तकनगरमधले करमाळ्याचे एक रिक्षावाले दादा. दुसरी मंडळी बंगाली आणि ओडिया. त्यांना रोहू-कटलाच हवा असतो, डोक्यासकट हवा असतो, आणि कल्ला उघडून बघितल्याशिवाय ते पैसे काढत नाहीत. खारघरला माझी रोहूची सगळी विक्री याच घरांत आहे.

आता आगरी-कोळी आणि कोकणी घरं. तिथे आत जायची वाट जिताड्यातून, म्हणजे खाडीतल्या त्या मानाच्या माशातून जाते. खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवायची पद्धत जुनी आहे. खाडीतली पिल्लं आणून सोडायची, बारीक मासळी खायला घालायची आणि पाहुणा आला की काढायचा. त्यामुळे ‘तळ्यातला जिताडा’ म्हटल्यावर पेण-अलिबागकडच्या माणसाचं नाक मुरडत नाही, उलट तो विचारतो, "केवढ्याचा आहे?" जिताडा महाग पडतो आणि वाढायला वेळ घेतो. पण एकदा जिताडा पसंत पडला की त्याच पेटीतली चिलापी बघायला लोक तयार होतात.

चिलापीची जमेची बाजू म्हणजे काटे. मधला कणा आणि फासळ्या सोडल्या तर मांसात बारीक काटे नसतात, रोहू-कटल्यात असतात. लहान मुलांच्या आयांना हे एवढं सांगितलं तरी पुरतं. मात्र बांगड्याइतकं ओमेगा-३ चिलापीत नसतं. कुणी विचारलं तर सरळ सांगा.

मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकन, म्हणजे ज्याला थाई मांगूर म्हणतात तो, कुणी कितीही स्वस्त देऊ केला तरी हात लावू नका. त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर भारतात बंदी आहे. तळ्याच्या माशाबद्दल लोकांच्या मनात जी किळस आहे, तिच्यात या माशाचा वाटा मोठा आहे.

३. वास तळ्यावरच घालवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी सगळं जमलं आणि हे राहिलं, तर काही उपयोग नाही.

मातीचा वास चिखलातून येतो असं मीही समजत होते. खरं तर तो येतो पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि तळाच्या काही जिवाणूंतून. ते जिओस्मिन नावाचा पदार्थ सोडतात. पहिल्या पावसाच्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, तोही याचाच. मासा तो कल्ल्यांतून आणि कातडीतून ओढून घेतो आणि चरबीत साठवतो. माणसाच्या नाकाला तो इतका थोडा पुरतो की तळ्याच्या मालकाला ‘काही नाही’ वाटतं आणि गिऱ्हाइकाला पातेल्याचं झाकण उघडताच कळतं. मासा कितीही ताजा असला तरी हा वास असू शकतो. बर्फाने तो जात नाही.

उपाय तीन.

पहिला, काढणीच्या तीन-चार दिवस आधी दोन-तीन मासे काढून चाचणी करा. शेपटीकडचा तुकडा घ्या. मीठ, हळद, लिंबू काही लावायचं नाही. झाकणाच्या छोट्या डब्यात घालून कुकरमध्ये वाफवा. झाकण उघडल्या क्षणी नाक जवळ न्या, कारण पहिल्या वाफेतच ते कळतं. एकट्याने ठरवू नका. आमच्याकडे मी आणि मामींची सून वास घेतो. मामांना तंबाखूची सवय, त्यांना काहीच येत नाही.

दुसरा, वास आला तर मासे स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या टाकीत उपाशी ठेवा. तीन दिवसांत फरक पडतो, वास जास्त असेल किंवा थंडी असेल तर आठवडा लागतो. टाकी आधी घासून घ्या, तिच्याच भिंतीवर शेवाळ असेल तर सगळी मेहनत फुकट. इथे तळेवाला कुरकुरतो, कारण उपाशी माशाचं वजन उतरतं. त्याचं बरोबर आहे. तेवढे पैसे तुम्ही भरून द्या आणि हे आधीच बोलून ठेवा: टाकीत ठेवलेल्या माशाला किलोमागे जास्त भाव. आमचं मामांशी यावरून एकदा चांगलंच वाजलं होतं, तेव्हापासून हे कागदावर आहे.

तिसरा स्वयंपाकघरातला. आंबटाने हा वास दबतो. कोकणातल्या बायका हे न शिकता जाणतात. माशाला कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावून १५-२० मिनिटं ठेवायचं, मग धुऊन मसाला लावायचा. गिऱ्हाइकाला हे जरूर सांगा, पण वासाचा मासा खपवायची युक्ती म्हणून वापरू नका. मी एका पावसाळ्यात तसं केलं. ढगाळ हवेत तळं हिरवं झालं होतं, टाकीत ठेवायला वेळ नव्हता आणि ४० किलोची ऑर्डर घेऊन बसले होते. प्रत्येक पुडीबरोबर आगळाची छोटी बाटली दिली. रात्री आठपासून फोन सुरू झाले.

४. कागद

हे एकदाच करायचं असतं, कंटाळा करू नका. जवळ ठेवा:

- आधार, पॅन, फोटो आणि जागेचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार)
- एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना. उलाढालीवर ठरतं, फॉस्कॉस पोर्टलवर स्वतः भरता येतं. मिळालेला १४ आकडी क्रमांक बिलावर छापावा लागतो.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद. फुकट होते. पैसे मागणाऱ्या नकली वेबसाइट आहेत, सरकारी पोर्टलवरच करा.
- महापालिका हद्दीत दुकान किंवा गाळा असेल तर पालिकेचा परवाना. ठाणे आणि नवी मुंबई या वेगळ्या महापालिका आहेत, एकीचा कागद दुसरीकडे चालत नाही.
- सोसायटीत टेबल लावायचं असेल तर सेक्रेटरीचं लेखी पत्र. तोंडी परवानगी कमिटी बदलली की संपते.
- वजनकाट्याचा वैधमापन विभागाचा शिक्का आणि प्रमाणपत्र
- तळ्याचे कागद: बीज कुठून आणलं त्याची पावती, खाद्याची बिलं, औषध दिलं असेल तर तारीख. खाऱ्या किंवा मचूळ पाण्याचं तळं असेल तर किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाची नोंदणी.

बर्फातल्या ताज्या मासळीवर जीएसटी नाही. गोठवून, पाकिटात भरून, लेबल लावून विकायला गेलात की नियम बदलतात, तेव्हा सीएला विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीची दुचाकी, मासळीचा किऑस्क अशा गोष्टींना अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा, पण अनुदान हातात पडेल असं गृहीत धरून कर्ज काढू नका.

५. बर्फ, काटा, कोयती

बर्फ खाण्याचाच घ्या. महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे, म्हणजे निळसर लादी दिसली की परत पाठवा. मासा तळ्यातून निघाला की लगेच बर्फ-पाण्यात बुडवायचा आणि पेटी भरताना जितका मासा तितका बर्फ, थरावर थर. खाली पाणी निघून जायला भोक हवं. लाल पाण्यात पोहणारा मासा सकाळी कितीही ताजा असला तरी दुपारी शिळा दिसतो.

कापणं मी शिकले नाही. चेंदणी कोळीवाड्यातली एक मावशी धरली. पहिल्या दिवशी तिने चिलापी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "तुजा मासा मी नाय इकनार. पन कापून दीन." किलोवर तिचे पैसे ठरवले. तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पोटाच्या आतली काळी पातळ त्वचा बोटाने आणि मिठाने घासून काढायची, कारण ती राहिली की कडू लागतं आणि लोक नाव मात्र तळ्याला ठेवतात. दोन, तुकडी कापायची ती गिऱ्हाइकाच्या कढईच्या हिशोबाने. तळायला बोटाएवढी जाड, कालवणाला त्याहून जाड.

तिच्यासमोर टेबल मांडून भाव पाडण्याचा विचारही करू नका. कोळणीचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक तिच्या शब्दावर चालतं. ती "हा नको घेऊ" म्हणाली की विषय संपला.

६. पाटीवर खरं नाव लिहा

माझी पाटी अशी असते: ‘चिलापी. तळ्यातली, पेण. काल संध्याकाळी काढली. खाद्य: कारखान्यातलं गोळी खाद्य.’ खाली भाव.

पहिले काही महिने मला ‘तळ्यातली’ हा शब्द टाळावासा वाटायचा. ‘ताजी मासळी’ एवढंच लिहायचे. मग कुणीतरी विचारायचं, मी सांगायचे, आणि त्याचा चेहरा बदलायचा, आपल्याला फसवत होती असा. पाटीवर आधीच लिहायला लागल्यावर थांबणारे कमी झाले, पण जे थांबले त्यांनी घेतलं.

हे मात्र कधीच लिहू नका:

- रावस, जर मासा रावस नसेल. बासाच्या तुकड्या रावस म्हणून खपवणारे आहेत. चुकीच्या नावाने अन्न विकण्याला कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे.
- ‘ऑरगॅनिक’, प्रमाणपत्राशिवाय.
- ‘अँटिबायोटिकमुक्त’, प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधं मत्स्यशेतीत चालतच नाहीत, त्यांचीच चाचणी मागा. मी वर्षातून एकदा करते आणि अहवाल टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवते. वाचत कुणीच नाही, हात लावून बघतात.
- मधुमेह, हृदयविकार बरा होतो वगैरे. तो दावा कायद्यात बसत नाही आणि कुणाला पटतही नाही.

व्हॉट्सॲपवर फिरतं की चिलापी हा प्रयोगशाळेत बनवलेला मासा आहे, त्याला कातडी-हाडं नसतात. टेबलावर एक अख्खा मासा, खवल्यांसकट, डोळ्यांसकट ठेवा. त्याहून वेगळं उत्तर लागत नाही. मूळ आफ्रिकेच्या नद्या-तळ्यांतला आहे हे विचारलं तरच सांगा. मासा टिकवायला फॉर्मालिन हे रसायन लावलंय का, अशी शंका घेणारेही भेटतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी कागदी पट्टीची झटपट चाचणी तयार केली आहे. अशी पट्टी जवळ असली तर गिऱ्हाइकासमोर लावून दाखवा.

७. पहिला घास

वहीतल्या पाचव्या कारणासाठी ही पायरी. सोसायटीत परवानगी घेऊन रविवारी सकाळी अकरा वाजता तवा लावा. शेगडी, तवा, रवा, आलं-लसूण, आगळ, तिखट, मीठ. बाकी मसाला घालू नका, नाहीतर ‘मसाल्यात काहीही चांगलं लागतं’ हे ऐकावं लागतं. अर्ध्या तुकड्या तिखट-रव्यातल्या, अर्ध्या फक्त मीठ-हळद लावलेल्या. चिकित्सक माणूस दुसऱ्या ताटलीकडेच हात नेतो.

कालवण नमुन्याला देऊ नका. दोन कारणं: आमटीत तुकडा मोडतो, आणि प्रत्येक घराचं कालवण वेगळं असतं. कुणी म्हणतं त्रिफळ कुठाय, कुणी म्हणतं खोबरं जास्त झालं. मासा राहतो बाजूला.

अख्खा किलो विकत घे म्हणू नका. दोन माणसांची पाव किलोची पुडी ठेवा. पहिली पुडी फुकट देऊ नका, कमी भावात द्या. फुकटचं फ्रीजरमध्ये पडून राहतं आणि महिन्याने शिजतं, त्या चवीवरून तुमचा मासा ठरतो.

भाव सांगताना वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे पाटीवर लिहा. एक किलो चिलापीचं डोकं, पोट, खवले काढून माझ्या मापात ६०० ग्रॅमच्या आसपास हातात पडतात. फिले काढली तर साधारण तिसरा हिस्सा. गिऱ्हाईक घरी जाऊन वजन करतं आणि ‘किलोला ४०० ग्रॅम मारले’ असं सोसायटीच्या ग्रुपवर लिहितं. माझ्याबाबतीत लिहिलंय. आता काट्यावर दोन्ही वजनं दाखवते.

८. वार आणि हंगाम

विक्रीचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी-एकादशीला विकायचं म्हणून जाळं टाकूच नका. कालनिर्णय तळ्यावरच टांगा.

तुमचा खरा हंगाम म्हणजे १ जून ते ३१ जुलै, आपल्या किनाऱ्यावरची मासेमारी बंदी. यांत्रिक बोटी बंद, मोठी मासळी येते ती बर्फातली, गोठवलेली किंवा परराज्यातली, आणि भाव चढलेले. ‘तळ्यातली, काल काढलेली’ ही पाटी या दोन महिन्यांत वेगळी वाचली जाते. गटारीच्या आदल्या रविवारी माझ्याकडे नंबर लागतात. लगेच श्रावण. म्हणून काढणी मागे मोजत या: गटारीला टाकीतून निघायला हवा असलेला मासा आठवडाभर आधी तळ्यातून निघाला पाहिजे, म्हणजे वासाची पहिली चाचणी त्याच्याही तीन-चार दिवस आधी. पावसाळ्यातल्या ढगाळ पहाटे तळ्यातला प्राणवायू उतरतो आणि मासे तोंड वर काढतात. त्या दिवसांत एरेटरला (पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राला) डिझेल जनित्राची जोड नसेल तर मोठी ऑर्डर घेऊ नका.

कोळीवाड्यातल्या मावशीने बंदीतच पहिल्यांदा पाच किलो जिताडा ठेवून घेतला. दुपारी गेले तर ती ‘खाडीचा’ म्हणून विकत होती. मी म्हटलं, मावशी, तळ्यातला आहे. ती म्हणाली, "तुज्या गिऱ्हाइकाला तू सांग, माज्या गिऱ्हाइकाला मी सांगते." यावर आमचं अजून एकमत नाही. तिला माल देताना बिलावर ‘तळ्यातला’ लिहून देते, एवढंच माझ्या हातात.

९. तक्रार आली तर

येणारच. ‘कसा काय, बाकी कुणाची तक्रार नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. पैसे त्याच दिवशी परत करा आणि तुकडा परत मागा, शिजवलेला असला तरी. प्रत्येक खेपेतले दोन मासे तारीख लिहून आपल्या फ्रीजरमध्ये पंधरा दिवस ठेवत जा. तक्रार आली की त्यातला तुकडा बिनमिठाचा वाफवून बघता येतो. वास आला तर त्या खेपेच्या सगळ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करा. नाही आला तर बहुतेक वेळा पोटातली काळी त्वचा राहिलेली असते, किंवा पुडी दुपारभर स्कूटरच्या डिकीत. मी हल्ली पुडीबरोबरच विचारते, "थेट घरी चाललात का, की वाटेत डी-मार्ट?" डी-मार्ट म्हटलं तर बर्फाचा चुरा दुप्पट.